कडुबांच्या ट्रॅक्टरचा संशयी हात

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी हात आहे. छोट्या ट्रॅक्टरच्या पाठीला जोडलेला, माती खोदणारा हात. रस्त्याच्या कामावरची मोठी पिवळी यंत्रे तुम्ही पाहिली असतील. त्यांचा मागचा हात वाकतो, लांब होतो आणि ओंजळभर माती उचलतो. मीही तसाच आहे, फक्त आकाराने लहान. मला कारखान्यात बनवलेले नाही. एका बापाने आणि त्याच्या मुलीने मला घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये घडवले.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझा कोणावर लवकर विश्वास बसत नाही. तुम्ही आत्ता इतके शांत बसला आहात, याचासुद्धा मला थोडा संशय येतो आहे.

शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. शहराबाहेर, जालना रस्त्यापासून थोडे आत, त्या बापाचे, म्हणजे कडुबांचे घर होते. पुढे वेल्डिंगचे दुकान आणि मागे मोसंबीची लहानशी बाग. झाडांच्या दोन ओळींमधून जाईल असा बुटका ट्रॅक्टर त्यांनी बागेसाठी घेतला होता. मग दोन हजार बाराचा पावसाळा कोरडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला, मोसंबीची पाने गळाली आणि झाडांचे सरपण झाले. ट्रॅक्टरला काही काम उरले नाही. शहर मात्र गावाच्या दिशेने सरकत होते. नव्या वसाहती होत होत्या, घरांसाठी खड्डे आणि नळांसाठी चर खोदले जात होते. कित्येक गल्ल्या इतक्या अरुंद होत्या, की मोठे यंत्र तोंडाशीच अडून राहायचे. कडुबांनी ते पाहिले आणि ट्रॅक्टरला हात बसवायचे ठरवले.

माझे अवयव भंगार बाजारातून आले. दंड दोन जाड लोखंडी पट्ट्यांचा. कोपरापुढचा भाग मोडलेल्या जाहिरात-फलकाच्या चौकोनी नळीचा. मला हलवणारे तेलाचे सिलिंडर एका निकामी डंपरचे. माझी ओंजळ, जिला सगळे बकेट म्हणतात, ती पाण्याच्या जुन्या टँकरच्या पत्र्याची. आता तुम्हीच सांगा, असे चार ठिकाणचे नातेवाईक एका अंगात आले, तर ते एकमेकांवर विश्वास ठेवतील का? सिलिंडरला वाटायचे, हा पत्रा गंजका असणार. पत्र्याला वाटायचे, हे सिलिंडर उगाच कोणी टाकले नसेल. माझा स्वभाव तिथूनच असा झाला.

कडुबांची मुलगी रूपा आयटीआयमधून फिटरचे काम शिकून आली होती. लोखंड कापण्याआधी तिने माझी पुठ्ठ्याची प्रतिकृती केली. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, सांध्यांच्या जागी खिळे घातले आणि सगळे भिंतीवर ठोकून हलवून बघू लागली.

"काय करायलीस गं? सारी भिंत भोकं पाडून ठेवलीस," तिची आई केसरबाई म्हणाल्या.

"हात बनवायलेय, आई."

"दोन हायेत की तुला. त्यांनी आधी भांडी घास."

कडुबाही दारातून बघत होते. ते म्हणाले, "पुठ्ठ्याचा हात पुठ्ठ्याचीच माती खोदंल, पोरी."

"पुठ्ठ्यावर चुकलं तर पुठ्ठा फाटतो, बाबा. लोखंडावर चुकलं तर तुमचा पाय जाईल."

कडुबा आत आले. त्यांनी पट्टी हलवली. हात पूर्ण मिटला की बकेट थेट चालकाच्या पाठीवर येत होती. त्यांनी पुन्हा हलवून पाहिले, मग मुलीकडे पाहिले, आणि कोपरापुढचा भाग वीतभर आखूड करायला निघून गेले. मित्रांनो, रूपाचा बापाच्या अंदाजावर विश्वास नव्हता आणि बापाचा पुठ्ठ्यावर नव्हता. त्या दोघांच्या अविश्वासामुळेच मी धड झालो.

मी जोडला गेलो, तेव्हा कडुबांनी माझी परीक्षा घेतली. बकेटमध्ये दगड भरले, मला उंच उचलून ठेवले आणि बकेटच्या काठाशी भिंतीवर खडूने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी बकेट रेघेच्या खाली आली होती.

"हाताचा दांडका कोणी ओढला?" कडुबांनी विचारले.

"माझ्याकडं काय बघायलेत?" केसरबाई म्हणाल्या. "शेळीला विचारा. ती तिथंच बांधलेली व्हती."

रूपाने शेळीला विचारले नाही. तिने सिलिंडरच्या तोंडावरून बोट फिरवले. बोट तेलकट झाले. आतले रबरी वॉशर झिजले होते आणि तेल हळूहळू निसटत होते. नवे वॉशर बसले आणि मी खडूच्या रेघेवर टिकून राहिलो. त्या दिवशी शेळीवरचा आळ गेला. माझा सिलिंडरवरचा संशय मात्र तेव्हापासून कायम आहे.

पहिल्यांदा माती खोदायला गेलो, तर माझ्या ओढीने ट्रॅक्टरची पुढची चाके हवेत उचलली गेली.

"लग्नातलं घोडं आणलं का काय?" केसरबाई दुरून ओरडल्या. "आता वाजंत्री बोलवा!"

मग ट्रॅक्टरच्या नाकावर दगड भरलेली लोखंडी पेटी बसवली आणि मागे जमिनीवर टेकायला दोन पाय केले. असे चुकत, दुरुस्त होत मी उभा राहिलो.

पुढची दोन-तीन वर्षे माझी चांगली गेली. मी ड्रेनेजचे चर खोदले, पायाचे खड्डे खोदले, झाडांसाठी आळी केली. रूपा दांडके चालवायची आणि कडुबा पुढे उभे राहून हाताने खुणा करायचे. लोक आधी हसायचे. काम झाल्यावर मात्र माझ्या अंगावरून हात फिरवायचे आणि विचारायचे, "खरंच घरी बनवलंय?" त्या विचारण्यातही मला संशयाचा वास यायचा.

आता ज्या कामासाठी ही गोष्ट सांगायला बसलो, त्याकडे येतो.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. पुन्हा दुष्काळ. शहरात नळाला बऱ्याच दिवसांनी एकदा पाणी यायचे. पुंडलिकनगरात एक छोटी गल्ली होती, पुढे बंद असलेली. त्या गल्लीतल्या शेवटच्या घरी उमाकाकू एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी वारले होते आणि मुलगा शंतनू पुण्याला नोकरीला होता. सगळ्या गल्लीला पाणी यायचे, उमाकाकूंच्या नळाला मात्र येत नसे. आधी धार बारीक झाली होती, आणि त्या उन्हाळ्यात नळ पूर्ण कोरडा पडला. सत्तरीला आलेल्या उमाकाकू टँकरच्या रांगेत उभ्या राहून कळशी उचलायच्या. एकदा त्या पडल्या. तेव्हा शंतनू आला आणि म्हणाला, "आई, जूनपर्यंत नळाला पाणी आलं तर ठीक. नाहीतर हे घर विकू आणि तू माझ्याकडे चल." त्या घराच्या विटांवर उमाकाकूंनी स्वतः उभ्या राहून पाणी मारले होते. त्यांना ते सोडायचे नव्हते.

आणि त्यांचा संशय होता शेजारच्या श्रीनिवासरावांवर.

श्रीनिवासराव कचेरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांचे घर शेवटून दुसरे. त्यांनी अंगणात जमिनीखाली पाण्याचा मोठा हौद बांधला होता, आणि त्याच वर्षापासून उमाकाकूंचे पाणी कमी होऊ लागले होते. त्यातच आदल्या दिवाळीत शंतनूने आईला सांगितले होते, की श्रीनिवासकाकांनी फोन करून म्हटले होते, "घर विकायचं झालं तर आधी मला कळव." झाले! उमाकाकूंनी दोन्ही गोष्टी जोडल्या. पाणी तोडायचे, घर रिकामे करवायचे आणि आपण घ्यायचे. दोन घरांमधले बोलणे बंद झाले. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा थांबला.

शेवटी गल्लीने ठरवले की नळाची लाइन उघडून बघायची. पाणी सोडणारा लाइनमन बन्सी परवानगी घेऊन आला. तो म्हणाला, "चाव्या माझ्याकडं. पाणी मी बराबर सोडतो. पुढं ते कुठं जातं ते जमिनीला विचारा." मोठे यंत्र गल्लीत शिरत नव्हते, म्हणून मला बोलावले.

सकाळी आम्ही पोहोचलो, तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती. श्रीनिवासरावांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. वेल्डिंगच्या शिवणी चष्म्याच्या वरून पाहिल्या.

"भंगारातून केलंय म्हणतात. पाइप फोडला तर जबाबदार कोण?"

"मी," कडुबा म्हणाले.

"आपलं नाव?"

"कडुबा."

"पूर्ण नाव? आडनाव?"

"काम बघा ना साहेब. आडनाव काय खोदणार हाय व्हय?"

रूपाने ट्रॅक्टर सुरू केला, म्हणून पुढचे बोलणे मला ऐकू आले नाही.

ट्रॅक्टर जागेवर लावून बंद केला, तेव्हा काम सुरू होण्याआधी एक गंमत झाली. एकेक घरमालक कडुबांना हळूच बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगू लागला. पहिल्या घरचे म्हणाले, "आमच्या दारापुढं जरा वरवर खोदा हो, फरशी नवी आहे." तिथे मला फरशी दिसत नव्हती. चौथ्या घरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडं मुळं आहेत, खोल नका जाऊ." तिथे झाड नव्हते. प्रत्येकाने जमिनीखाली काही ना काही लपवले होते. कोणाचा जास्तीचा नळ, तर कोणाचा हौद कुंपणाबाहेर सरकलेला. मला वाटले, इथे तर सगळेच चोर दिसतात! कडुबांनी मात्र प्रत्येकाला एकच उत्तर दिले.

"हळूच जाणार हाय. सगळ्यांच्याच दारापुढं."

मला पूर्ण जोर लावू देत नव्हते. मी वीतभर माती काढायची, मग कडुबा सळईने टोचून बघायचे. पाइप जवळ आला की मी थांबायचे आणि ते खुरप्याने माती बाजूला करायचे. पाण्याचा दिवस होता, त्यामुळे बन्सीने चावी उघडली होती आणि प्रत्येक घरापुढे तो नळ सोडून बघत होता. पहिल्या घरी धार मोठी. चौथ्या घरी मोठी. श्रीनिवासरावांच्या घरीही मोठी. उमाकाकूंच्या घरी नुसती हवा, "फुस्स" अशी.

सगळी गल्ली श्रीनिवासरावांकडे बघू लागली.

"मला ठाऊकच होतं," उमाकाकू म्हणाल्या. किती महिन्यांनी त्या श्रीनिवासरावांच्या समोर बोलत होत्या! "वीस वर्षं शेजारी राहिलात. घरच हवं होतं तर तोंडानं मागायचं होतं."

श्रीनिवासरावांचा चेहरा लाल झाला. "खोदा," ते रूपाला म्हणाले. "माझ्या ओट्याखाली खोदा, हौद फोडा, काय करायचं ते करा. आज सगळं दिसू द्या."

"मग शंतनूला फोन कशाला केला होता?"

"कारण तुम्ही गेलात तर तिथं कोण येईल याची धास्ती वाटली, वहिनी! कोणी बिल्डर येईल, तीन मजले चढवील. त्यापेक्षा कर्ज काढून घर मीच घ्यावं असं वाटलं. तुम्ही जावं असं कुठं म्हटलं होतं?"

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दार उघडत नव्हता!"

मित्रांनो, खरे सांगतो, मला त्यांचे पटले नाही. मी संशयी हात. मला वाटले, चोर सापडायच्या आधी असाच बोलतो. रूपाने मला दोन घरांच्या मधोमध खाली नेले. माझे दात मातीत रुतले आणि "टण्ण" असा आवाज झाला.

"मोटर!" कोणीतरी ओरडले. "पाणी ओढायला पुरून ठेवलेली मोटर!"

"गप बसा जरा," रूपा म्हणाली आणि तिने मला जागच्या जागी थांबवले. आणखी एक हिसका दिला असता तर पाइप फुटून सगळा पुरावा चिखलात गेला असता. ओढायची माझी तयारी होती. तिने ओढू दिले नाही.

कडुबा चरात उतरले. खुरप्याने माती काढली, हाताने पुसली. मग वर बघून म्हणाले, "इथं या. एकेक जण नाय, सगळेच या."

नळाच्या पाइपातून आरपार गेलेली एक उभी लोखंडी नळी होती. मनगटाएवढी जाड. वरून कापलेली आणि तोंडावर सिमेंट थापलेले. खालच्या अंगाला रंगाचे पट्टे अजून दिसत होते, लाल आणि पांढरे.

त्या गल्लीत दर वर्षी गणपतीचा मांडव पडायचा. मांडवाचे खांब गल्लीतल्याच पोरांनी रंगवलेले होते. सगळ्यांनी ते पट्टे ओळखले.

"हा आपला खांब आहे," श्रीनिवासराव हळूच म्हणाले. "त्या वर्षी मांडव उतरवताना हा निघेना. मग मीच म्हटलं, वरून कापा आणि सिमेंट लावा, कोणाला ठेच लागायला नको."

"पण मांडवाचे खांब तर नेहमी पलीकडं असतात," चौथ्या घरच्या बाई म्हणाल्या. "इथं कशाला रोवला?"

उमाकाकूंनी पदर तोंडाला लावला होता.

"मी सांगितलं म्हणून," त्या म्हणाल्या. "हे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी. मी म्हटलं होतं, मांडव दर वेळी तुमच्या दारापर्यंतच येतो, शेवटचं घर उन्हात राहतं. माझ्या दारापर्यंत आणा. भांडले होते त्यासाठी." त्यांनी श्रीनिवासरावांकडे पाहिले. "आणि तुम्ही भर उन्हात उभे राहून तो ठोकून घेतलात. घण कमी पडला तर स्वतः आणलात."

सगळ्यांनी मिळून तो खांब रोवला होता. कोणी दोर धरला होता, कोणी घण मारला होता, कोणी सरबत वाटले होते. जमिनीखाली काय आहे हे मात्र एकानेही विचारले नव्हते. आधी पाणी खांबाच्या कडेने वाट काढून जात होते, थोडे मातीत मुरतही होते. मग गंज चढला, गाळ साचला, आणि दुष्काळात पाण्याचा जोर कमी झाला तेव्हा ती वाटही बंद झाली. हौद त्याच वर्षी झाला, हा नुसता योगायोग होता.

त्या दिवशी बन्सीने मुख्य चावी बंद करून तेवढा तुकडा कापला आणि नवा पाइप जोडला. मी खांब उपटून बाहेर काढला. मग लोक म्हणाले, "चला, आता बुजवा चर."

"नाय," कडुबा म्हणाले. "आधी काकूंच्या नळाला पाणी बघू. मग बुजवू."

त्यामुळे पुढच्या पाण्याच्या दिवसापर्यंत चर उघडाच राहिला. गल्लीला फार त्रास झाला. स्कूटर बाहेर ठेवाव्या लागल्या, दुधाच्या पिशव्या दोरीने ओढून घ्याव्या लागल्या. मी तिथेच ट्रॅक्टरच्या पाठीवर दुमडून उभा होतो आणि सगळे बघत होतो. उमाकाकूंच्या दारापुढच्या चरावर कोणीतरी जाड फळी टाकली होती. ती कोणी टाकली हे मी पाहिले होते. श्रीनिवासराव फळीवर स्वतः दोनदा चालून बघत होते, ती हलते का म्हणून. मला तेव्हाही वाटले, हे सगळे पाणी येईपर्यंतच. नाही आले, तर पुन्हा एकमेकांकडे बोटे दाखवतील.

पाण्याच्या दिवशी सकाळी सगळे उमाकाकूंच्या अंगणात जमले. कडुबा आणि रूपाही आले होते. बन्सीने कोपऱ्यावर चावी फिरवली. नळ खोकला. आधी हवा आली, मग तपकिरी गढूळ पाणी, आणि ते थांबले. श्रीनिवासरावांनी डोळे मिटून घेतले. मग नळ पुन्हा खोकला आणि धार लागली, आधी वाकडी, मग सरळ.

कळशी धरायचे कोणाला सुचलेच नाही. उमाकाकूंनी दोन्ही हात धारेखाली धरले.

"काकू, पाणी वाया चाललंय की!" रूपा म्हणाली, तेव्हा सगळे हसले आणि श्रीनिवासराव धावत जाऊन स्वतःच्या घरची बादली घेऊन आले.

बादली भरत असताना उमाकाकूंनी ओल्या हाताने पुण्याला फोन लावला. "शंतनू, घर विकायचं नाही. ऐकू येतंय का हे? नळाचा आवाज आहे. यंदा सुट्टीत मुलांना इकडेच पाठव. आणि हो, श्रीनिवासकाकांशी बोल. मी फोन देते त्यांना."

फोन हातात घेऊन श्रीनिवासराव बराच वेळ नुसते "हं, हं" करत राहिले. मी चर बुजवायला लागलो तेव्हाही ते तसेच उभे होते.

मित्रांनो, या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. कडुबा थकले आहेत. रूपाने माझ्यापेक्षा मजबूत असे दोन नवे हात बनवले, ते कामावर जातात. मी शेडच्या कोपऱ्यात उभा असतो. पावसाळ्यात माझ्यावर गळते, सांध्यांत ग्रीस घालायचे कित्येकदा राहून जाते, आणि बकेटमध्ये कोंबड्या अंडी घालतात. माझी त्याबद्दल तक्रार आहे आणि ती मी लपवत नाही. लोखंडालाही विचारपूस लागते.

तुमच्याकडे मात्र मी दुसरेच मागणे मागणार आहे. संशय येऊ द्या. मीसुद्धा संशय सोडलेला नाही, आणि त्याच संशयाने माझे वॉशर सापडले. पण एखाद्या माणसाचा संशय आला, तर त्याच्या घरी जा आणि समोर बसून विचारा. दार बंद करून महिनोन् महिने मनातल्या मनात हिशेब जुळवत बसू नका. आणि सणाला, लग्नाला गल्लीत खांब रोवायची वेळ आली, की घण उचलण्याआधी विचारा, इथे खाली काय आहे? जमिनीखालचे पाइप बोलत नाहीत. त्यांची काळजी वर राहणाऱ्यांनीच घ्यायची असते.

आता घरी जा, उशीर झाला. जाताना माझ्या बकेटखालून मात्र जाऊ नका. मला साखळीने नीट बांधले आहे असे रूपा म्हणते. पण ती साखळी मी अजून स्वतः तपासलेली नाही.